होम लोनचं पार्ट पेमेंट : ॲपला चार तारे, शाखेला दोन

बँकेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. सरकारी काय आणि खासगी काय, ओळखीतल्या ज्यांना ज्यांना विचारलं त्यांच्याकडे थोड्याफार फरकाने हीच तऱ्हा आहे. आमची शाखा नाशिकमध्ये गंगापूर रोडला, कर्ज माझ्या आणि नवऱ्याच्या नावावर, फ्लॅट पाथर्डी फाट्याजवळ. नवरा अंबडला कंपनीत आहे आणि माझं इंदिरानगरमध्ये पोळीभाजी केंद्र आहे. घरचा हप्ता त्याच्या पगारातून जातो. हप्त्याशिवाय मुद्दलात वरचे जे पैसे भरते, म्हणजे पार्ट पेमेंट, ते माझ्या पोळ्यांचे, म्हणून हा रिव्ह्यू मीच लिहिणार.

२०२१ मध्ये २५ लाख घेतले, २० वर्षांसाठी, ६.९ टक्क्यांनी. हप्ता १९,२३३. तेव्हा रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो, ४ टक्के होता आणि आमचं कर्ज रेपोला बांधलेलं. मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने रेपो वाढवत नेला तो फेब्रुवारी २०२३ ला साडेसहावर थांबला. आमचा दर झाला ९.४. हप्ता मात्र जागचा हलला नाही, त्यामुळे घरात कुणालाच काही वाटलं नाही. मग एकदा नवऱ्याने स्टेटमेंट काढून आणलं. त्यातली ओळ अशी: हप्ता १९,२३३, व्याज १८,९७२, मुद्दल २६१.

दोनशे एकसष्ट! एवढ्याची तर माझी एका दिवसाची कोथिंबीर-मिरची होते.

माझ्याकडे रोज दोन डबे नेणारे एक काका आहेत, नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले. आयुष्यभर नोटा मोजलेल्या माणसाला आकडे दाखवायचे म्हणून त्यांनाच कागद दिला. त्यांनी मोबाइलवर हिशोब केला आणि म्हणाले, "ताई, हाच हप्ता आणि हाच दर राहिला तर हे कर्ज फिटायला अजून जवळजवळ ४६ वर्षं लागतील." वर दोन हजार भरले तर २४ वर्षं. चार हजार भरले तर १८, म्हणजे ठरलेल्या मुदतीत परत. मी त्यांना हिशोब दुसऱ्यांदा करायला लावला, पण आकडे तेच आले. नुसत्या २६१ रुपयांनी मुद्दल हलतच नव्हतं, म्हणून वरचे चार हजार इतके भारी पडतात. ते सगळेच्या सगळे मुद्दलातून जातात.

आता सोयीबद्दल. ॲपमध्ये कर्जाच्या खात्यावर गेलं की 'पार्ट पेमेंट' असं बटण आहे. आमच्या बँकेत त्याला किमान रकमेची अट नाही, त्यामुळे महिन्याला हातात जे उरेल ते टाकते: कधी दोन हजार, कधी साडेतीन, क्लासच्या पोरांच्या सुट्ट्या लागल्या की काहीच नाही. पितृपक्षात आणि दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी सुटल्या की एकदम मोठी रक्कम. भरलेले दुसऱ्या दिवशी मुद्दलातून वजा दिसतात. व्याज रोजच्या शिल्लक मुद्दलावर लागतं, म्हणून महिनाअखेरीची वाट न बघता पैसे आले की लगेच टाकायचे. चार्ज शून्य. इथवर पाचपैकी पाच द्यायला हरकत नव्हती.

एक तारा का कापला? पैसे भरताना ॲप दोन पर्याय दाखवतं, 'हप्ता कमी' आणि 'मुदत कमी', आणि त्यातल्या 'हप्ता कमी'वर आधीच टिक असते. घाईत पुढे गेलात तर हप्ता जरासा उतरतो आणि वर्षं तेवढीच राहतात. बँकेला तेच बरं, आपल्याला नाही. दरवेळी टिक बदलायची. आणखी एक: नुसतं एनईएफटी करून कर्ज खात्यात पैसे पाठवू नका. आमच्या शेजारच्या वहिनींचे तसे पाठवलेले पैसे पुढच्या हप्त्यांचा ॲडव्हान्स म्हणून नुसते पडून होते, मुद्दलाला हात लागला नव्हता.

शाखेचा अनुभव मात्र वेगळाच. मुदत किती उरली याचं नवीन शेड्यूल हवं होतं म्हणून गेले. काउंटरवरचा मुलगा सभ्य होता, पण म्हणे होम लोनचं काम इथे होत नाही, लोन सेंटरला जा. लोन सेंटर नाशिक रोडला. दुपारचे डबे सोडून मी नाशिक रोडला जायचं! ईमेल करायला सांगितलं, केला, शेड्यूल तीन स्मरणपत्रांनंतर आलं.

दुसऱ्या खेपेला एक साहेब म्हणाले, "मॅडम, पार्ट पेमेंटवर दोन टक्के चार्ज लागेल." मी म्हटलं, लिहून द्या. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या आणि व्यक्तीच्या नावावरच्या घरकर्जावर बँकेला असा दंड लावता येत नाही, २०१२ पासून रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. काकांनी मला तो आधीच वाचून दाखवला होता. साहेबांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि "तुमच्या केसमध्ये नाही लागत" म्हणाले. कुणाच्या केसमध्ये लागतो ते नाही सांगितलं. फिक्स्ड दराचं कर्ज असेल तर मात्र आपला करार काढून वाचा, तिथे चार्ज असू शकतो.

मग त्यांनी एसआयपीचा, म्हणजे दरमहा म्युच्युअल फंडात पैसे टाकायचा कागद पुढे केला. "चार हजार इकडे टाका, बारा टक्के मिळतील." मिळतीलही. पण 'मिळतील' हा त्यांचा शब्द आहे आणि ९.४ माझ्या स्टेटमेंटवर छापलेले आहेत. व्याजावर टॅक्स वाचतो हाही मुद्दा त्यांनी काढला. नवरा नव्या टॅक्स पद्धतीत आहे, तिथे स्वतः राहत्या घराच्या व्याजाची वजावट मिळतच नाही, तेव्हा तोही निकालात निघाला.

बँकेने मुदत परस्पर लांबवली याचा राग माझा अजून गेलेला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दर बदलला की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची, की दोन्ही, हे कर्जदाराला विचारा आणि थोडे किंवा सगळे पैसे भरायची मुभा द्या. त्यानंतर आम्हाला मेसेज आला. इंग्रजीत, चार ओळींचा. नंतर २०२५ मध्ये दर उतरले तेव्हा आम्ही हप्ता तोच ठेवायला सांगितला, ते मात्र एका फोनमध्ये झालं.

ज्यांचं कर्ज नवीन आहे त्यांनी जास्त घाई करावी. काकांचा हिशोब सांगते: ९.४ टक्के दर आणि १८ वर्षं बाकी असताना १०,००० भरले तर शेवटचे साधारण ५४,००० रुपयांचे हप्ते गळतात. पाचच वर्षं उरली असताना तेच भरले तर १६,०००. पण सोनं गहाण असेल किंवा क्रेडिट कार्डाची बाकी असेल तर आधी ती फेडा, त्यांचं व्याज सहसा घरकर्जापेक्षा चढं असतं. आणि दवाखान्यापुरते पैसे हाताशी ठेवा. कर्ज खात्यात गेलेला रुपया अडीअडचणीला परत मागता येत नाही. नवऱ्याचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं तेव्हा मी वरचं भरणं पूर्ण थांबवलं होतं, आणि बँकेने त्याबद्दल एका शब्दाने विचारलं नाही. ही या सोयीची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. वाढवून घेतलेला हप्ता असता तर तो चुकवता आला नसता.

शाखेत जायचंच असेल तर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात नको, पेन्शनवाल्यांची रांग दारापर्यंत असते. दुसरा आणि चौथा शनिवार बंद. अर्जात 'हप्ता तोच, मुदत कमी' असं स्पष्ट लिहा आणि पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का मागा. मागितल्याशिवाय देत नाहीत.