पक्ष्यांची तिकिटं: ऑड्युबॉनची घ्यावीत की आपली?

सोलापुरात बसून पक्ष्यांच्या टपाल तिकिटांचा संग्रह सुरू करायचा म्हटलं, तर दोन वाटा दिसतात. एक अमेरिकेतला पक्षिचित्रकार जॉन जेम्स ऑड्युबॉन याच्या चित्रांची परदेशी तिकिटं, दुसरी आपल्या टपाल खात्याची. बेताच्या पैशात दोन्ही एकदम सुरू करू नयेत.

ऑड्युबॉनची गोडी चित्रात आहे. १८२७ ते १८३८ दरम्यान छापलेल्या त्याच्या ‘बर्ड्स ऑफ अमेरिका’मधल्या ४३५ चित्रांत पक्षी खऱ्या मापाचे आहेत. कागद सव्वातीन फुटी, तरी रोहित पक्षी (फ्लेमिंगो) मावेना, म्हणून त्याची मान खाली वळवून काढली. उजनीवर रोहित पाहिलेल्याला ती मान लगेच पटते. जात वेगळी, पण चिखलात चोच खुपसायची लकब तीच.

तिकिटावर हा सगळा पसारा बोटभर होतो, म्हणून इथे छपाई पाहूनच घ्यावं. अमेरिकेचं १९६३ चं पाच सेंटचं तिकीट मला सगळ्यात आवडतं. लांब शेपटीचे दोन निळे पक्षी, आणि कोरीव छपाईमुळे भिंगाखाली पिसांची रेघ न् रेघ सुटी दिसते. तेच चित्र १९६७ च्या वीस सेंटच्या हवाई टपाल तिकिटावरही आहे. ऑड्युबॉनने हे पक्षी कोलंबिया नदीकडचे समजून काढले. प्रत्यक्षात ते मेक्सिकोचे.

सावध राहायचं ते १९८५ बाबत. त्याच्या जन्माला दोनशे वर्षं झाली म्हणून कितीतरी देशांनी संचच्या संच काढले. पूर्ण करायच्या नादाला लागलात तर खिसा रिकामा होईल आणि अल्बम एकसुरी.

भारतीय तिकिटांत चित्रकाराची अशी एकच ओळख सापडत नाही, पण पक्षी ओळखीचे भेटतात. १९७५ च्या चार तिकिटांत नवरंग आहे, हळद्या आहे. आणि १९८० चं दोन रुपये तीस पैशांचं माळढोक! आदल्याच वर्षी आपलं सोलापूरजवळचं नान्नजचं माळढोक अभयारण्य जाहीर झालं होतं. आता त्या माळावर माळढोक दिसणं दुर्मीळच, त्यामुळे सोलापूरकराच्या अल्बममध्ये हे तिकीट हवंच.

चित्रकलेची ओढ असेल तर ऑड्युबॉन घ्या, पण अमेरिकेच्या निवडक तिकिटांवर थांबा. मुलांसाठी संग्रह करत असाल तर मी भारतीयच सुचवेन. तिकिटावरचा पक्षी त्यांना सुट्टीत प्रत्यक्ष शोधता येतो. कुठलंही घेताना आधी उलटं करून मागचा डिंक आणि कडेचे दाते बघा.