वूस्टरच्या वाचनकक्षातले सात महिने

साताऱ्याला माझ्या वडिलांचा छोटा छापखाना होता. एक ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचं छपाईयंत्र, खिळ्यांच्या (धातूच्या सुट्या अक्षरांच्या) केशी, ते खिळे जुळवणारे दोन जुळारी. लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं, पतसंस्थेच्या पावत्या, असंच काम. त्यामुळे बोस्टनजवळ राहायला आल्यावर एका मैत्रिणीने वूस्टरच्या अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटीचं, अमेरिकेतलं जुनं छापील साहित्य जपणाऱ्या ग्रंथालयाचं, नाव घेतलं, तेव्हा मी उत्सुकतेने गेले ती गेलेच. आता सात महिने झाले. इथे येऊ पाहणाऱ्या मराठी वाचकांसाठी हा अनुभव लिहिते आहे.

आधी व्यवहाराचं. वाचनकक्ष फक्त कामाच्या दिवशी उघडा असतो, म्हणून मी महिन्यातून दोन सुट्ट्या त्यासाठी राखून ठेवते. शुल्क नाही. ओळखपत्र दाखवून नोंदणी करायची, पिशवी बाहेर ठेवायची, आत न्यायची ती पेन्सिल. पुस्तक फोमच्या उतारावर ठेवतात आणि पान मिटू नये म्हणून त्यावर कापडात शिवलेली वजनदार दोरी टाकतात. हातमोजे लागतील असं मला वाटलं होतं. पण स्वच्छ, कोरडे हात पुरतात. मोज्यांनी बोटाला पानाचा अंदाज येत नाही आणि कागद फाटतो. वडीलही हेच सांगायचे.

संस्था 1812 ची, स्थापणारा आयझाया थॉमस, स्वतः मुद्रक. लहानपणीच छापखान्यात उमेदवारीला बसवलेला मुलगा. 1775 च्या एप्रिलमध्ये इंग्रजांच्या हाती लागू नये म्हणून त्याने आपला छापखाना बोस्टनमधून वूस्टरला हलवला आणि मे महिन्यात तिथून वर्तमानपत्र पुन्हा सुरू केलं. त्याचा लाकडी प्रेस आजही इथे उभा आहे. त्यापुढे मी पहिल्या दिवशी बराच वेळ थांबले होते. दांडा ओढणाऱ्याच्या खांद्यावर दिवसभरात काय बेतत असेल, ते ट्रेडल मारणाऱ्या माणसाच्या घरात वाढलेल्याला लगेच कळतं.

1640 ते 1821 या काळात आजच्या अमेरिकेत छापलं गेलेलं जेवढं साहित्य माहीत आहे, त्यातलं दोन तृतीयांश इथे आहे. 1640 च्या स्तोत्रांच्या पुस्तकाची प्रतही आहे. जगात त्याच्या अकराच प्रती उरल्यात, त्यातली एक 2013 साली एक कोटी एक्केचाळीस लाख डॉलरना गेली. पण माझं प्रामाणिक मत असं की त्याच्या मागे लागू नका. साधी पुस्तकं मागा. पंचांगं मागा, मुलांच्या अंकलिप्या मागा.

माझा सर्वात सुंदर दिवस अठराव्या शतकातल्या एका अंकलिपीबरोबर गेला. तळहातात मावेल एवढी. तिला पुठ्ठा नव्हताच. पुठ्ठ्याच्या जागी लाकडाची पातळ फळी, वर निळसर कागद चिकटवलेला. कोपऱ्यावरचा कागद झिजून गेला होता आणि तिथे लाकडाच्या रेषा दिसत होत्या. अंगठा नेमका जिथे येतो तिथे. आत इंग्रजीचा जुना लांबट 'स' (s), जो 'फ' (f) सारखा दिसतो, त्यामुळे 'सिन'चं मी पहिले दोन दिवस 'फिन' वाचत होते. कागद मात्र अजून लवचीक, कारण तो चिंध्यांचा. उजेडात धरला की साच्याच्या तारांच्या रेषा दिसतात. आपल्याकडची साठ-सत्तर वर्षांपूर्वीची लगद्याच्या कागदावरची पुस्तकं हातात तुकडे होऊन येतात, आणि हे अडीचशे वर्षांचं पोर अजून पान उलटू देतं. हेच पुस्तक मी आधी एका ऑनलाइन संग्रहात पाहिलं होतं. तिथे फळी नव्हती, अंगठ्याची खूण नव्हती, मागच्या कोऱ्या पानावर मुलाने चारदा गिरवलेलं आपलं नावही नव्हतं. कोरं समजून ते पान टिपलंच नव्हतं. मजकूर हवा असेल तर स्क्रीन पुरते. पुस्तक हवं असेल तर इथे यावं लागतं.

पंचांगांचंही तसंच. वरच्या कोपऱ्यात भोक, त्यात दोरा ओवून खिळ्याला टांगायचं. आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरसारखंच, त्यात दूध आणि गॅसच्या नोंदी असतात तशा यांत गाय व्यायल्याच्या, बर्फ पडल्याच्या नोंदी.

मराठी धागा मी मुद्दाम शोधला. गॉर्डन हॉल आणि त्याचा सोबती हे अमेरिकन मिशनरी 1813 साली मुंबईत उतरले. 1817 पासून अमेरिकन मिशनच्या मुंबईतल्या छापखान्यात मराठी छपाई होऊ लागली. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचे जावजी दादाजी लहानपणी याच मिशनच्या छापखान्यात कामाला होते. या सगळ्याचं दुसरं टोक इथे हाती लागतं. हॅरिएट न्यूएल ही मॅसॅच्युसेट्सची मुलगी मिशनरी नवऱ्याबरोबर हिंदुस्थानकडे निघाली आणि 1812 मध्ये मॉरिशसला एकोणिसाव्या वर्षी वारली. नवरा पुढे मुंबईला आला आणि 1821 मध्ये तिथेच कॉलऱ्याने वारला. तिच्या डायरीचं आणि पत्रांचं पुस्तक 1814 पासून इथल्या घराघरांत वाचलं गेलं. मुंबई तिने पाहिलीच नाही. ते पुस्तक वाचताना मला दोनदा थांबावं लागलं.

आणि जेम्स प्रिंटर. वूस्टरपासून जवळच असलेल्या, आज ग्राफ्टन म्हणतात त्या गावचा, निपमक या मूळ रहिवासी जमातीचा माणूस. 1663 चं मिशनरी जॉन एलियटचं बायबल, या खंडात छापलेलं पहिलं संपूर्ण बायबल, इंग्रजीत नाही, इथल्या मूळ रहिवाशांच्या वाम्पानोआग भाषेत आहे. त्याचे खिळे जुळवण्यात या माणसाचा हात होता. ती भाषा पुढे बोलण्यातून गेली; गेल्या काही दशकांत वाम्पानोआग समाजातल्याच भाषातज्ज्ञ जेसी लिटल डो बेअर्ड यांनी अशाच छापील साहित्याच्या आधाराने ती पुन्हा घरांत आणली. जुळाऱ्याने मात्रा चुकवली असती तर पुढच्या मुलांचा शब्द चुकला असता, हे मनातून जात नाही.

थॉमसने 1813-14 च्या सुमारास बोस्टनच्या रस्त्यावर विकली जाणारी तीनशेहून जास्त गाण्यांची पत्रकं एकगठ्ठा विकत घेतली आणि बांधून ठेवली. लोकांना काय आवडतं ते पुढच्यांना कळावं म्हणून. हे वाचलं त्या रात्री मी साताऱ्याला फोन केला. वडिलांनी छापलेलं एकही हँडबिल घरात नाही. बहीण म्हणाली, 'ताई, रद्दीत गेलं गं सगळं.' त्या हँडबिलांच्या तळाशी अगदी बारीक टायपात 'मुद्रक' म्हणून त्यांचं नाव असायचं.

पुढच्या खेपेला 1709 चं वाम्पानोआग स्तोत्रांचं पुस्तक मागणार आहे. त्याच्या नामपृष्ठाच्या तळाशी बोस्टनच्या मुद्रकाशेजारी 'जे. प्रिंटर' असं छापलेलं आहे. ती ओळ मला जवळून बघायची आहे.