सहा इंची डॉब्सोनियन दुर्बीण: पैसे आरशाचे, बाकी सारे जुजबी

१५० मिलिमीटर व्यासाचा मुख्य आरसा, १२०० मिलिमीटर नाभीय अंतर (आरशापासून प्रकाश जिथे एकवटतो त्या बिंदूपर्यंतचे अंतर) आणि जमिनीवर ठेवायची फिरती लाकडी बैठक, एवढाच या दुर्बिणीचा संसार आहे. नळीच्या तळाशी असलेला अन्वस्त (पॅराबोलिक) आरसा प्रकाश एकत्र करून वर पाठवतो आणि तोंडाजवळ ४५ अंशांत तिरपा बसवलेला छोटा सपाट आरसा तो बाजूच्या नेत्रिकेकडे, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाकडे, वळवतो. न्यूटनने १६६८ मध्ये वापरलेली ही मांडणी आजही तशीच आहे. मात्र त्याचा आरसा तांबे-कथिलाच्या मिश्रधातूचा असल्याने काळवंडत असे, तर येथे काचेवर ॲल्युमिनियमचा पातळ थर आहे.

परावर्तनात सर्व रंग एकाच कोनात वळत असल्यामुळे, स्वस्त भिंगांच्या दुर्बिणीतून चंद्राच्या कडेला दिसणारी जांभळी झालर येथे अजिबात दिसत नाही. २५ मिलिमीटरच्या नेत्रिकेने ४८ पट विवर्धन मिळते आणि मृग नक्षत्रातील तेजोमेघ (वायू आणि धुळीचा चमकता ढग) त्यातच सर्वांत देखणा दिसतो. १० मिलिमीटरच्या नेत्रिकेने १२० पट विवर्धनावर, हवा स्थिर असल्यास, गुरूचे पट्टे स्पष्ट होतात. सोबत मिळालेली ही नेत्रिका मात्र सुमार आहे आणि ती लवकरच बदलावी लागेल.

खरी कटकट आरशांच्या जुळणीची आहे. गाडीतून नेताना बसलेल्या हादऱ्यांनी आरसे किंचित कलतात आणि तारा बिंदूसारखा न दिसता शेपटीसारखा पसरतो, तेव्हा मागचे स्क्रू हलक्या हाताने फिरवून दोन्ही आरसे पुन्हा एका अक्षावर आणावे लागतात, ज्याचा माहितीपुस्तिकेत जेमतेम उल्लेख आहे. शिवाय वातानुकूलित खोलीतून बाहेर काढल्यावर आरसा हवेच्या तापमानाला येईपर्यंत अर्धा-पाऊण तास थांबणे भाग आहे. आरशावर थोडी धूळ दिसली, तरी ती कपड्याने मुळीच पुसू नये, कारण धुळीने प्रकाश नाममात्र घटतो, ओरखड्यांनी मात्र थर कायमचा बिघडतो.

याच किमतीच्या आसपास ११४ मिलिमीटर आरशाच्या, आखूड नळीच्या आणि तरीही १००० मिलिमीटर नाभीय अंतर सांगणाऱ्या दुर्बिणी मिळतात. त्यांत बहुधा गोलीय आरसा असून, सगळे किरण एकाच बिंदूत न आणण्याचा त्याचा दोष झाकण्यासाठी नेत्रिकेच्या नळीत एक भिंग बसवलेले असते, ज्यामुळे जुळणी आणखी अवघड होते. त्या घेऊ नयेत.