तोफांचे फोटो काढायला कुठं जावं, जंजिरा की कुलाबा?

दोन्ही रायगड जिल्ह्यातले जलदुर्ग, पण कॅमेरा घेऊन गेलं की अनुभव एकदम वेगळा.

जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाच्या होडीने जायचं, आणि किल्ल्याचा दरवाजा असा लपवलाय की अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही, त्यामुळे होडीतच कॅमेरा हातात तयार ठेवा. दाराजवळ पंजात हत्ती पकडलेल्या वाघासारख्या प्राण्याचं शिल्प आहे ते सोडू नका. वर कलाल बांगडी ही प्रचंड तोफ म्हणजे काय प्रकरण आहे ते समोर उभं राहिल्याशिवाय कळत नाही, पूर्ण तोफ फ्रेममध्ये घ्यायची तर मागे सरकायला जागा कमी पडते म्हणून वाइड लेन्स हवीच, आणि शेजारी कुणाला तरी उभं करा नाहीतर फोटोत तिचा आकारच कळत नाही. पण होडीवाले ठरलेलाच वेळ देतात, सगळी घाई होते.

कुलाब्याला अलिबागच्या किनाऱ्यावरून ओहोटीला चालत जाता येतं. तिथल्या दोन तोफा चाकांच्या गाड्यावर आहेत, तोंड समुद्राकडे, आणि त्या इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्यातल्या, म्हणजे आंग्र्यांच्या काळातल्या नाहीत बरं का, नंतरच्या. जवळ बसून गंजाचे पापुद्रे, बत्ती द्यायचं भोक, चाकाचे आरे असं सगळं निवांत टिपता येतं, फक्त भरतीची वेळ आधी बघून जा.

मला विचाराल तर पहिल्यांदा कुलाबाच. तोफ नीट बघायला वेळ लागतो आणि तो तिथं मिळतो.