इंग्लंडात आल्यावर कुठला खेळ धरावा: क्रिकेट, फुटबॉल, रग्बी की आणखी काही?

भाची सप्टेंबरात लीड्सला शिकायला येतेय. बॅगेचं वजन, थंडीचे कपडे, गोडा मसाला किती आणायचा, हे सगळं विचारून झाल्यावर परवा फोनवर म्हणाली, "मावशी, तिकडं गेल्यावर कुठला खेळ धरू?" प्रश्न मला फार आवडला. पोरगी कोल्हापूरची आहे. आपला फुटबॉल संघ पाटाकडील की दिलबहार, हे शाळेत जायच्या आधी ठरलेलं असतं आमच्याकडं. अशा गावातून आलेल्या माणसाला नव्या गावात आपला संघ कुठला, हे भाड्याच्या खोलीइतकंच लवकर ठरवावंसं वाटतं. फोनवर जे तुकड्यातुकड्यांत सांगितलं ते इथं नीट लिहिते. मी चौदा वर्षं लीड्सला राहते, त्यामुळं उदाहरणं इथलीच जास्त येतील.

आधी एक गुंता सोडवू. "ब्रिटनचा संघ" प्रत्येक खेळात निराळा असतो. ऑलिम्पिकला बहुतेक सगळे एका झेंड्याखाली उतरतात. फुटबॉलमध्ये मात्र इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड असे चार वेगळे संघ. रग्बीत उत्तर आयर्लंडची मंडळी आयर्लंडच्या संघातून खेळतात. क्रिकेटच्या संघाला सगळे इंग्लंड म्हणतात, पण त्याचं मंडळ इंग्लंड आणि वेल्स दोन्हींचं. म्हणून कार्डिफ किंवा एडिनबरोला जाणाऱ्यानं पुढचं वाचताना माझं इंग्लंड जरा बाजूला ठेवावं. तिकडं इंग्लंड हरलं तरी लोक खूश असतात.

आपल्याकडून येणारा प्रत्येक जण क्रिकेटला पहिली पसंती देतो, आणि ते स्वाभाविक आहे. राजापूरच्या दिलीप वेंगसरकरनं लॉर्ड्सवर तीन कसोटी शतकं ठोकली, १९७९, १९८२ आणि १९८६ मध्ये. अजित वाडेकरच्या संघानं १९७१ मध्ये ओव्हलवर इंग्लंडला हरवून इथली पहिली मालिका जिंकली. आमच्या यॉर्कशायर काउंटीनं, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या संघानं, १९९२ मध्ये आपला पहिला परदेशी खेळाडू घेतला तो एकोणीस वर्षांचा सचिन तेंडुलकर. इथल्या मैदानांत आपली मुळं आहेत, ती शोधावी लागत नाहीत.

आणि क्रिकेटनं मला इथला एक दिवस असा दिलाय की तो मी विसरणार नाही. २५ ऑगस्ट २०१९, रविवार. हेडिंग्लेचं मैदान आमच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर. अ‍ॅशेसचा म्हणजे ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटी मालिकेचा सामना चालू होता, इंग्लंड पहिल्या डावात ६७ धावांत आटोपलं होतं, जिंकायला ३५९ हव्या होत्या आणि नववा गडी पडला तेव्हा अजून ७३ बाकी होत्या. मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. शेजारच्यांनी खिडकीत रेडिओ ठेवला होता. समोर बेन स्टोक्स, दुसऱ्या टोकाला जॅक लीच, जो दर थोड्या वेळानं हेल्मेट काढून चष्मा पुसायचा. लीचनं सतरा चेंडूंत एक धाव काढली. एकच, पण ती निघाली तेव्हा धावसंख्या बरोबरीत आली. मग स्टोक्सचा चौकार, आणि रेडिओवरचा आवाज आणि मैदानाकडून आलेली आरोळी एकदमच कानावर पडली. शेजारचे आजोबा कुंपणाशी आले आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा आणि शेवटचं, त्यांनी माझा हात हातात घेतला. स्टोक्स जन्मला न्यूझीलंडमध्ये, हेही लक्षात ठेवा. त्याच उन्हाळ्यात लॉर्ड्सवर विश्वचषक जिंकणाऱ्या संघाचा कर्णधार ऑईन मॉर्गन डब्लिनचा आणि सुपर ओव्हर टाकणारा जोफ्रा आर्चर बार्बाडोसचा. या देशाचा अभिमान जन्मदाखला विचारत बसत नाही, निदान जिंकल्याच्या दिवशी तरी.

तरीही नवीन येणाऱ्याला मी क्रिकेट पहिलं सुचवणार नाही. २००५ च्या अ‍ॅशेसनंतर इथलं कसोटी क्रिकेट पैसे भरून घ्यायच्या वाहिनीवर गेलं, आणि त्यानंतर वाढलेल्या कितीतरी मुलांनी घरच्या टीव्हीवर कसोटी पाहिलेलीच नाही. ऑफिसात तुम्ही उत्साहानं स्टोक्सचं नाव काढाल आणि समोरचा सभ्यपणे मान हलवेल. लॉर्ड्सवरच्या कसोटीचं चांगल्या जागेचं तिकीट १०० पाउंडांच्या वर जातं. शिवाय २०२१ मध्ये यॉर्कशायरचा माजी खेळाडू अझीम रफीकनं संसदेच्या समितीपुढं यॉर्कशायर क्रिकेटमधल्या वंशद्वेषाबद्दल जे सांगितलं, ते ऐकल्यावर माझ्यासारख्या इथल्या आशियाई बाईला तो खेळ काही काळ परका वाटला होता. काउंटीचा चार दिवसांचा सामना मात्र जरूर बघा. तिकीट कसोटीपेक्षा कितीतरी स्वस्त, अर्धं मैदान रिकामं, थर्मासातला चहा, गुडघ्यावर शाल. मन शांत होतं. ओळखी फारशा होत नाहीत.

ओळखी करायच्या तर फुटबॉल. पण फुटबॉल म्हणताना मी दोन वेगळे खेळ धरते, पुरुषांचा आणि बायकांचा, कारण निर्णय घेणाऱ्याच्या दृष्टीनं ते खरंच वेगळे आहेत.

पुरुषांचा फुटबॉल हा इथला मोठा धर्म. १९६६ साली वेम्बलीवर पश्चिम जर्मनीला ४–२ हरवून जिंकलेला विश्वचषक लोक अजून काल घडल्यासारखा सांगतात, कारण त्यानंतर पुरुषांच्या संघाला मोठा चषक मिळालेलाच नाही. २०२१ ला युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इटलीकडून पेनल्टीवर हरले, २०२४ ला स्पेनकडून नेहमीच्या वेळेतच. २०२१ च्या त्या रात्री रॅशफर्ड, सँचो आणि साका यांच्या पेनल्टी हुकल्या. तिघंही कृष्णवर्णीय. साका फक्त एकोणीस वर्षांचा. त्यांच्यावर समाजमाध्यमांतून जी घाण ओतली गेली ती इथं लिहवत नाही. मँचेस्टरच्या विदिंग्टन भागात भिंतीवर काढलेलं रॅशफर्डचं मोठं चित्र कुणीतरी रातोरात विद्रूप केलं. पण दुसऱ्या दिवसापासून लोक येत गेले आणि त्या डागांवर चिठ्ठ्या चिकटवत गेले. लहान मुलांच्या अक्षरातल्या, कागदी बदाम कापून केलेल्या. भिंत चिठ्ठ्यांनी भरून गेली. ज्या मुलाला आदल्या वर्षी गरीब पोरांच्या शाळेतल्या जेवणासाठी सरकारशी भांडून निर्णय बदलायला लावता आला, त्याच्यासाठी लोक आले, यात मला नवल वाटलं नाही.

अडचण अशी की हा फुटबॉल प्रत्यक्ष बघणं नवख्याच्या आवाक्यात नसतं. मोठ्या क्लबांची तिकिटं सभासदांना आधी, उरली तर बाकीच्यांना, आणि स्वस्त तर नाहीतच. शनिवारी दुपारी तीनचे सामने इथं टीव्हीवर थेट दाखवतच नाहीत, कारण लोकांनी घरी न बसता आपल्या गावच्या मैदानावर जावं, हा जुना नियम आहे. पुण्यात बसून तुम्ही प्रीमियर लीगचे जितके सामने बघत होता तितके इथं येऊन दिसणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवते.

आता बायकांचा फुटबॉल, आणि इथं मी पक्षपाती आहे. २४ जून २०२२ ला लीड्सच्या एलंड रोड मैदानावर इंग्लंडच्या मुली नेदरलँड्सशी खेळल्या. मी लेकीला घेऊन गेले. दोघींची तिकिटं मिळून पुरुषांच्या एका तिकिटापेक्षा कमी पैशांत झाली. आमच्या शेजारी सत्तरीपुढच्या एक आजी एकट्याच बसल्या होत्या, मांडीवर घरी विणलेला लाल-पांढरा मफलर. इंग्लंडनं पाच गोल केले. तिसऱ्या की चौथ्या गोलनंतर आजींनी डोळे पुसले आणि लेकीला म्हणाल्या, "तुझ्याएवढी होते तेव्हा आम्हांला मैदानावर पाऊल ठेवू देत नव्हते." मला वाटलं घरच्यांबद्दल बोलताहेत. घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की ती बंदी खरोखरची होती. २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर प्रेस्टनच्या कारखान्यातल्या बायकांचा सामना बघायला ५३,००० लोक आले होते. पुढच्याच डिसेंबरात इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं आपल्या क्लबांच्या मैदानांवर बायकांना मनाई केली, आणि ती उठायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर बाबांच्या मागं लागून सामने बघायला जाणारी मी, मैदानात उतरायचं कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. आजींच्या आणि माझ्या लहानपणात हजारो मैलांचं अंतर आहे, तरी त्या वाक्यानं ते एका बाकावर आलं.

एलंड रोडच्या त्या सामन्यानंतर सव्वा महिन्यानं, ३१ जुलैला, वेम्बलीवर ८७,१९२ लोकांसमोर त्याच मुलींनी जर्मनीला २–१ हरवून युरो चषक घेतला. जादा वेळेत क्लोई केलीनं गोल मारला. २०२५ ला स्वित्झर्लंडमध्ये स्पेनविरुद्ध निर्णायक पेनल्टी मारली तीही केलीनंच, आणि चषक पुन्हा इंग्लंडचा. मैदानावरचं वातावरणही निराळं. शिवीगाळ जवळजवळ नाही, प्रेक्षकांत लहान मुली भरपूर, आणि नवख्यानं "ऑफसाइड म्हणजे काय हो?" विचारलं तर शेजारी समजावून सांगायला तयार.

रग्बीचं ठिकाणावर अवलंबून आहे. वेल्समध्ये राहणार असाल तर दुसरा विचार करू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये सहा देशांची स्पर्धा असते, सामने टीव्हीवर फुकट दिसतात, आणि कार्डिफच्या स्टेडियममध्ये सत्तर हजारांहून जास्त माणसं आपलं राष्ट्रगीत वेल्श भाषेत म्हणतात ते एकदा तरी ऐकावं. स्कॉटलंडमध्ये असाल तर इंग्लंड-स्कॉटलंडच्या कलकत्ता कपची गोष्ट तुम्हांला बोलायला निमित्त देईल. कलकत्त्यातला इंग्रजांचा रग्बी क्लब बंद पडला तेव्हा बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढून, ते वितळवून हा चषक घडवला. मुठी तीन नागांच्या, झाकणावर हत्ती. हे रुपये आपल्या मातीतून गेलेत, हे मी इथं प्रत्येकाला सांगते.

लीड्सकडं मात्र रग्बी म्हणजे तेरा जणांची रग्बी लीग. शनिवारची मजुरी बुडवून खेळणाऱ्या गिरणी आणि खाण कामगारांना भरपाई द्यायची की नाही, यावरून १८९५ मध्ये उत्तरेतले क्लब हडर्सफील्डच्या बैठकीत वेगळे झाले, तोच हा खेळ. हेडिंग्लेत क्रिकेट आणि रग्बीची मैदानं पाठीला पाठ लावून आहेत आणि मधली गॅलरी दोघांची एकच. इथला लाडका खेळाडू रॉब बरो, उंची साडेपाच फुटांहूनही कमी. त्याला मोटर न्यूरॉनचा आजार झाला, बोलणं गेलं, चालणं गेलं. त्याचा जुना कर्णधार केविन सिनफिल्ड त्या आजारासाठी निधी गोळा करत मैलोन् मैल धावला. मे २०२३ मध्ये लीड्सच्या मॅरेथॉनला सिनफिल्डनं रॉबची चाकाची खुर्ची सगळ्या रस्त्यानं ढकलली आणि शेवटच्या रेषेपाशी थांबून त्याला दोन्ही हातांवर उचलून पलीकडं नेलं. जून २०२४ मध्ये रॉब गेला. याच लीड्सच्या ब्राउनली भावांनीही २०१६ मध्ये मेक्सिकोत ट्रायथलॉनच्या (पोहणं, सायकल आणि धावणं अशा) शर्यतीत असंच केलं होतं. उन्हानं झोकांड्या खाणाऱ्या धाकट्या जॉनीला अ‍ॅलिस्टरनं खांद्याला धरून नेलं, रेषेवर त्याला पुढं ढकललं आणि स्वतः त्याच्यामागं तिसरा आला.

टेनिसबद्दल थोडंच. विम्बल्डन दोन आठवड्यांचं, रांगेत पहाटेपासून उभं राहिलात तर साधारण ३० पाउंडांत आत जाता येतं, आणि जावंच. २०१३ मध्ये अँडी मरे जिंकला तेव्हा पुरुषांत ७७ वर्षांनी ब्रिटिश विजेता झाला. तो डनब्लेनचा, जिथं १९९६ मध्ये शाळेत सोळा मुलं आणि त्यांच्या बाई गोळीबारात गेल्या. तेव्हा तोही त्याच शाळेत होता. त्या गावाला दुसऱ्या कारणानं ओळखलं जाऊ लागलं ते त्याच्यामुळं. पण उरलेले पन्नास आठवडे हा खेळ तुम्हांला माणसं जोडून देणार नाही. मोटार शर्यतींत लुईस हॅमिल्टनची सात विश्वविजेतेपदं आहेत, पण सिल्व्हरस्टोनचं तिकीट विद्यार्थ्याच्या खिशाबाहेरचं.

धावणं मात्र फुकट आहे. दर शनिवारी सकाळी नऊला पार्करन, पाच किलोमीटर, एकदा नाव नोंदवलं की झालं. लीड्सला वुडहाऊस मूरवर विद्यार्थ्यांची गर्दी असते. चाललात तरी चालतं. धावपटू मो फाराबद्दल इथं लोक जिव्हाळ्यानं बोलतात. लहानपणी दुसऱ्याच मुलाच्या नावावर त्याला या देशात आणून घरकामाला जुंपलं होतं, हे त्यानं २०२२ मध्ये सांगितलं, आणि त्याला हात दिला तो शाळेतल्या खेळाच्या शिक्षकानं. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकनंतर सुवर्ण जिंकणाऱ्यांच्या गावात टपालाची एक-एक लाल पेटी सोनेरी रंगवली. लीड्समध्ये निकोला अ‍ॅडम्सची आहे, ऑलिम्पिकमध्ये बॉक्सिंगचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली बाई. दर श्रावणात भावाची राखी मी त्याच पेटीत टाकते.

तर भाचीला सांगितलं ते असं. पहिल्या शनिवारी पार्करन, म्हणजे मंगळवारपर्यंत कुणीतरी नावानं हाक मारेल. सप्टेंबरात बायकांची लीग सुरू होते, मँचेस्टर रेल्वेनं तासाभरावर, एक संघ पक्का धर आणि बदलू नको. थंडीत रग्बीसाठी हेडिंग्ले. क्रिकेट एप्रिलपर्यंत वाट बघेल, ते आपलं कुठं जात नाही. आणि इंग्लंडच्या मुलींचा सामना जवळपास असला की तिघींची तिकिटं मीच काढीन. लेकीनं तिच्यासाठी मफलर विणायला घेतलाय, लाल-पांढरा, आजींचा होता तसा.