कीबोर्डचा रंग थेट कर्नलमधून: आठ महिन्यांचा अनुभव

माझ्या कीबोर्डाखाली रंगीत दिवे आहेत, हे लिनक्सच्या गावीही नव्हतं. ड्रायव्हर होता, पण त्याच्या लेखी तो एकच दिवा: कमी, जास्त, बंद. रंग बदलायचा तर दुसरी सिस्टिम सुरू करायची, बनवणाऱ्यांचा प्रोग्रॅम उघडायचा आणि रंग निवडून परत यायचं. शेवटी वैतागून आठ महिन्यांपूर्वी मीच ड्रायव्हरमध्ये रंगाची भर घातली, आणि तेव्हापासून तोच मॉड्यूल (कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, जोडला जाणारा ड्रायव्हर) रोज चालतोय.

पहिला प्रयत्न फसला होता, तो आधी सांगतो. लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे एलईडी मी नोंदवले. लिनक्समध्ये अशा प्रत्येक दिव्याच्या फाइली दिसतात, आणि त्यांत आकडे लिहून तो चालवायचा. चाललं, पण कसं? नारिंगीवरून निळ्यावर जायचं तर तीन फाइलींत तीनदा लिहायचं, आणि मधल्या क्षणी भलताच जांभळट रंग चमकून जायचा. उजेड कमी करायचा तर तिन्ही आकडे पुन्हा प्रमाणात बसवायचे. लुकलुकवायचं म्हटलं तर तिघांचे तीन टायमर, आणि थोड्या वेळात तिघांचे सूर वेगवेगळे.

मग मल्टिकलर एलईडी फ्रेमवर्ककडे, म्हणजे रंगीत दिव्यांसाठी कर्नलमध्येच असलेल्या तयार सोयीकडे, वळलो. 2020 च्या 5.9 कर्नलपासून ते मूळ शाखेत (कर्नलच्या अधिकृत कोडमध्ये) आहे. त्यात दिवा एकच दिसतो. रंगाचं मिश्रण मल्टी_इंटेन्सिटी फाइलमध्ये, उजेड नेहमीच्या ब्राइटनेस फाइलमध्ये. प्रत्येक रंगाची तीव्रता गुणिले ब्राइटनेस, भागिले कमाल ब्राइटनेस, एवढाच हिशेब. मिश्रण 255 100 0 ठेवलं आणि उजेड 128 केला, की दिव्याकडे 128, 50 आणि 0 जातात. नारिंगी नारिंगीच राहतो, फक्त मंद होतो. रंग आणि उजेड यांची ही फारकत मला सगळ्यात आवडली, कारण रंगाची काहीच कल्पना नसलेले जुने ट्रिगरही (दिवा आपोआप चालू-बंद करणाऱ्या कर्नलमधल्या सोयी) यावर मुकाट चालतात. ब्राइटनेस 1 वर आणलात तर मात्र हिरव्याच्या वाट्याला शून्य येतं आणि निव्वळ लाल उरतो. पूर्णांकांच्या भागाकाराचं हे देणं आहे, तक्रार करून उपयोग नाही.

ड्रायव्हरमध्ये प्रत्यक्ष कोड फार लागला नाही. त्रास झाला तो इतर गोष्टींचा. पहिल्यांदा मॉड्यूल लोड केला, ब्राइटनेस पूर्ण 255, आणि कीबोर्ड काळाठिक्कर! अर्धा तास वायर तपासली. सुरुवातीच्या तीव्रता मी भरल्याच नव्हत्या, त्यामुळे सगळे गुणाकार शून्य. मग यूएसबीकडे पाठवायचा बफर (पाठवायची माहिती ठेवायची जागा) मी आळसाने स्टॅकवर, म्हणजे फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत, घेतला होता. कर्नलने लॉगमध्ये लांबलचक इशारा ओतला. त्या बफरसाठी मेमरी वेगळी मागून घ्यावीच लागते. शिवाय यूएसबीला निरोप पाठवताना थांबावं लागतं, म्हणून ब्राइटनेस बदलणारं फंक्शन थांबू शकणाऱ्या प्रकारचंच द्यायला हवं. साधं दिलंत तर कधीतरी चुकीच्या वेळी झोपण्याबद्दल (म्हणजे थांबून राहण्याबद्दल) कर्नल ओरडेल.

सगळ्यात चिवट निघाला लुकलुकीचा घोळ. टायमर ट्रिगर चालू असताना मी रंग बदलायचो. कधी दिवा नव्या रंगात लुकलुकत राहायचा, कधी कायमचा विझायचा. आठवडाभर मी माझ्याच कोडला शिव्या घातल्या. मग वेळा नोंदवल्या तेव्हा लक्षात आलं: दिवा बंद असलेल्या क्षणी रंग लिहिला तरच तो विझतो. रंग लिहिला की फ्रेमवर्क तेव्हाचा ब्राइटनेस पुन्हा लावायचं, त्या क्षणी तो असायचा शून्य, आणि शून्य म्हणजे ‘लुकलुक थांबव’ असा अर्थ घेतला जायचा. मी वापरत होतो त्या कर्नलमध्ये दोष फ्रेमवर्कचाच होता. मूळ शाखेत तो पुढे दुरुस्त झाला. तोवर मी आधी ट्रिगर काढायचो, रंग लिहायचो, ट्रिगर परत लावायचो.

रोजच्या वापराचं म्हणाल तर नाव नीट ठेवल्याचा फायदा भरपूर. दिव्याच्या नावाच्या शेवटी केबीडी_बॅकलाइट असलं की डेस्कटॉपचा उजेडाचा स्लायडर आणि कीबोर्डावरची बटणं आपोआप कामाला लागतात. केडीई प्लाझ्मा या डेस्कटॉपात 6.1 पासून थीमचा मुख्य रंग कीबोर्डालाही लावता येतो. तेही याच फाइलींवर चालतं. मी मात्र तो पर्याय बंद ठेवतो. माझ्या कीबोर्डाचा रंग मला कंपाइलची (कोडपासून प्रोग्रॅम बांधण्याची) स्थिती सांगतो: चालू असताना निळा, फसला की लाल. हार्टबीट ट्रिगर दोन दिवस लावून बघितला. अख्खा कीबोर्ड धडधडताना टाइप करणं हा छळ आहे.

कुरबुरी आहेतच. रीबूटनंतर सिस्टमडी (लिनक्स सुरू करून सेवा सांभाळणारा प्रोग्रॅम) उजेड आठवणीने परत लावतं, रंग नाही. त्यासाठी यूडेव्हच्या (उपकरण सापडलं की ठरलेली कामं करणाऱ्या सेवेच्या) नियमात मल्टी_इंटेन्सिटीची किंमत लिहून ठेवली. रूटशिवाय (अ‍ॅडमिनच्या अधिकाराविना) रंग बदलायचा म्हणून त्याच नियमात ग्रुप आणि मोड, म्हणजे फाइल कोणी बदलावी याच्या परवानग्या, घातल्या, पण ते फक्त डेव्ह फोल्डरमधल्या फाइलींना लागू होतात; सिसएफएसच्या, म्हणजे दिव्याच्या या फाइली जिथे असतात तिथल्या, फाइलींसाठी नियमातून वेगळी आज्ञा चालवावी लागते. आकड्यांचा क्रम लाल-हिरवा-निळाच असेल असंही धरून चालू नका, रंगांचा क्रम सांगणारी मल्टी_इंडेक्स फाइल वाचा. माझी पहिली स्क्रिप्ट दुसऱ्या एका उपकरणावर ‘सगळं ठीक’ असताना लाल दाखवत होती. पिवळ्यासाठी 255 255 0 लिहिलंत तर हिरवट पिवळा मिळेल; माझ्या दिव्यांवर हिरवा 150 च्या आसपास ठेवल्यावर कुठे तो हळदीसारखा दिसला.

प्रत्येक कळीला वेगळा रंग हवा असेल तर हा रस्ता तुमचा नाही. शंभर कळांचे शंभर एलईडी नोंदवणं हा या फ्रेमवर्कचा उद्देश नव्हे. त्यासाठी ओपनआरजीबीसारखा बाहेरून चालणारा प्रोग्रॅम बरा. माझ्या कीबोर्डाला एकच पट्टा आहे, त्यामुळे माझं भागतं. कर्नल अपडेट झाला की डीकेएमएस हा प्रोग्रॅम मॉड्यूल नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधून देतो. आठ महिन्यांत दोनदा तो बांधणीतच अडला, आणि दोन्ही वेळा कीबोर्ड निमूटपणे जुन्या ड्रायव्हरकडे जाऊन एकरंगी झाला. टाइप मात्र होत होतं, म्हणून दुरुस्तीही त्यावरच केली.