एक संग्रह, एक प्रत, १७ वाचक

आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयात गेल्या वर्षभरापासून दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, सायंकाळी साडेपाच ते सात या वेळेत, एका कवितासंग्रहावर चर्चा होते. आजवर ११ बैठका झाल्या. त्यांपैकी ९ बैठकांना मी हजर होतो. केवळ कवितेसाठी वाचनालयाने चालवलेल्या उपक्रमाबद्दल फारसे वाचायला मिळत नाही, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. वाचनालयाचे नाव देत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि त्या ज्यांच्याविषयी आहेत ती माणसे मला एक दिवसाआड देवघेवीच्या टेबलापलीकडे भेटतात.

पहिल्या बैठकीला गेलो तेव्हा सर्वांत आधी नजरेत भरल्या त्या खुर्च्या. त्या गोलाकार मांडलेल्या होत्या आणि व्यासपीठावरचे टेबल भिंतीला सरकवून ठेवले होते. आपल्या वाचनालयांना कार्यक्रम नवे नाहीत. पुण्यातील वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली सुरू केली आणि तोच साचा महाराष्ट्रात गावोगाव रुजला: वक्ता, अध्यक्ष, परिचय, भाषण, आभार. कवितेसाठी याच साच्याची धाकटी बहीण म्हणजे कविसंमेलन, ज्यात कवी वाचतो आणि श्रोते दाद देतात. दोन्ही प्रकार मला आवडतात, पण दोन्हींत वाचकाने बोलावे अशी कोणाचीच अपेक्षा नसते. प्रश्नोत्तरांसाठी राखून ठेवलेली शेवटची पाच मिनिटेही बहुधा आभारप्रदर्शनातच जातात. इथे मात्र आलेल्या १७ जणांपैकी प्रत्येकाला उरलेल्या १६ जणांचे चेहरे दिसत होते, आणि ही गोष्ट दिसायला किरकोळ असली तरी पुढच्या दीड तासाचे स्वरूप तिनेच ठरवले.

बैठक चालवतात त्या महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या मराठीच्या प्राध्यापिका. सगळे त्यांना नुसते ‘बाई’ म्हणतात. त्यांची पद्धत अशी की संग्रहातील निवडलेली कविता दोन वेगवेगळ्या व्यक्तींनी मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्या वाचनानंतर मिनिटभर कोणीही काही बोलायचे नाही. पहिला अर्धा तास कवीचे चरित्र, त्याला मिळालेले पुरस्कार, ‘मी त्यांना एकदा स्टेशनवर भेटलो होतो’ या जातीच्या आठवणी, यांतले काहीही सांगायचे नाही. जे बोलायचे ते कवितेतील ओळीवर बोट ठेवून बोलायचे. कोणी हवेत बोलू लागले की बाई शांतपणे विचारतात, “ओळ कुठे?” हा प्रश्न आता गटात इतका रुळला आहे की बाईंनी विचारण्याआधी दुसरेच कोणीतरी विचारते. या उपक्रमाची सारी किंमत या एका पद्धतीत आहे, असे माझे मत झाले आहे. ती पाळली गेली त्या बैठका उत्तम झाल्या. ती सुटली तेव्हा गोलाकार खुर्च्यांवर बसून आम्ही एक सामान्य व्याख्यान ऐकले.

उत्तम झालेल्या बैठकीचे उदाहरण म्हणून मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ या १९४७ सालच्या संग्रहावरील बैठक सांगता येईल. पिंपातल्या ओल्या उंदरांची कविता निवडली होती. ती बहुतेकांनी अभ्यासक्रमात कधी ना कधी पाहिलेली असल्यामुळे पहिली दहा मिनिटे मार्गदर्शक पुस्तिकांतील उत्तरेच ऐकू आली: यंत्रयुग, महानगर, माणसाची घुसमट. “ओळ कुठे?” हा प्रश्न दोनदा विचारून झाला आणि खोलीत थोडी चुळबुळ सुरू झाली. तेव्हा भुसार मालाचे दुकान ४० वर्षे चालवलेले एक गृहस्थ, जे तोवर हातातला कागद नुसता घडी करत आणि उलगडत होते, म्हणाले की उंदीर पिंपात कसा मरतो हे त्यांनी पाहिले आहे. गोदामात तेलाचे पिंप रात्री उघडे राहिले की सकाळी त्यात दोन-तीन उंदीर सापडतात. बाहेर काढले की अंग जड लागते आणि मान सैल पडलेली असते, जशी कोणी मुरगळावी तशी, पण मुरगळलेली नसते. “कवीने ते पाहून लिहिलं आहे,” असे म्हणून ते थांबले. त्यावर अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी, जी त्या दिवशी केवळ पंख्याखाली बसायला मिळेल म्हणून सभागृहात आली होती, तिने विचारले की मान कोणीच मुरगळली नसेल तर या मृत्यूला जबाबदार कोण, आणि कवितेत त्याचे उत्तर आहे की नाही. पुढची ४० मिनिटे १७ माणसे एका कवितेत तो एक माणूस शोधत होती. मर्ढेकरांच्या कवितांवर अश्लीलतेचा खटला झाला होता आणि ते त्यातून निर्दोष सुटले, ही माहिती बाईंनी अगदी शेवटी सांगितली, आणि तोवर ती कोणालाही चघळायला नको होती.

‘बहिणाबाईंची गाणी’ या १९५२ साली, म्हणजे बहिणाबाईंच्या निधनानंतरच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या संग्रहाची बैठक वेगळ्या कारणाने लक्षात राहिली. इथे पहिले वाचन प्रमाण मराठी बोलणाऱ्या एका सदस्याने केले आणि दुसरे जळगाव जिल्ह्यात माहेर असलेल्या एका काकूंनी. दोन वाचनांत शब्द तेच होते, तरी कविता दोन ऐकल्यासारखे वाटले. पहिल्या वाचकाने ‘वढाय’ हा शब्द वाचताना किंचित अडखळून पुढची ओळ घाईने घेतली. नंतर त्यांनी मोकळेपणाने सांगितले की शाळेपासून ही कविता पाठ असूनही या शब्दाचा अर्थ ते ‘वेडसर’ असा काहीतरी धरून चालले होते. काकू हसून म्हणाल्या, “अहो भाऊ, वढाय म्हणजे ओढाळ. आमच्याकडे ‘ळ’चा ‘य’ होतो, डोळ्याला आम्ही डोया म्हणतो.” ओढाळ ढोर म्हणजे कितीही हाकलले तरी पिकाकडेच ओढ घेणारे, हे कळल्यावर मनाला दिलेली उपमा पहिल्यांदाच नीट उभी राहिली. त्यानंतर त्या दिवशी काकूच शिक्षक होत्या आणि बाईंनी वहीत शब्द उतरवून घेतले. बोलीतील कवितेसाठी असा वाचक गटात असणे ही कोणत्याही टीपेपेक्षा मोठी सोय आहे, आणि ती घरी एकट्याने वाचताना मिळत नाही.

फसलेली बैठक ‘गोलपिठा’ची. नामदेव ढसाळांचा हा संग्रह १९७२ चा, त्याला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे आणि त्या प्रस्तावनेत तेंडुलकर कवीला अनोळखी शब्दांचे अर्थ विचारतात. चर्चेची सुरुवात तिथून केली असती तर योग्य झाले असते, कारण आमच्या गटातील निम्म्या लोकांची अडचण नेमकी तीच होती. त्या दिवशी बाई आजारी होत्या आणि वाचनालयाने आयत्या वेळी एका पाहुण्यांना बोलावले. पाहुण्यांनी कविता एकदाही मोठ्याने वाचली नाही; दलित पँथरची स्थापना, फूट आणि नंतरचे राजकारण यांवर ते ५० मिनिटे बोलले. बोलणे अभ्यासपूर्ण होते, पण ते संग्रहाविषयी नव्हते. त्यानंतर दोन ज्येष्ठ सदस्यांनी भाषेबद्दल नाराजी व्यक्त केली, तिला एका तरुण सदस्याने तितक्याच तावाने उत्तर दिले, आणि दोन्ही बाजूंपैकी कोणीही संग्रहातील एकही ओळ वाचून दाखवली नाही. ज्या संग्रहाला या पद्धतीची सर्वाधिक गरज होती त्यालाच ती मिळाली नाही, याचे मला अजून वाईट वाटते. एकच व्यक्ती पद्धत जाणते आणि ती नसली की पद्धतही नसते, हा या उपक्रमाचा पहिला मोठा दोष आहे. गटातील दोघातिघांना बाईंच्या शेजारी बसवून बैठक चालवायला शिकवणे अवघड नाही.

दुसरा दोष अधिक मूलभूत आहे आणि तो म्हणजे प्रती. चर्चेसाठी जाहीर झालेल्या जवळपास प्रत्येक संग्रहाची वाचनालयात एकच प्रत असते. कवितेचे कपाट आत, संदर्भ विभागाच्या दाराजवळ आहे. पुस्तकांच्या पाठीवर ८९१.४६१ हा वर्गांक चिकटवलेला असतो आणि बहुतेकांचा कागद कडेने तपकिरी झालेला असतो. मी एका संग्रहाची तारखेची चिठ्ठी पाहिली, तर माझ्या आधीचा शिक्का १३ वर्षांपूर्वीचा होता. म्हणजे वाचनालयाने दुसरी प्रत का घेतली नाही, याचे उत्तर त्या चिठ्ठीवरच आहे: मागणी नव्हती. पण आता महिन्याकाठी १७ जणांची मागणी आहे आणि खरेदीच्या यादीत तिचा मागमूस दिसत नाही.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा आहे. त्याखाली मान्यता मिळालेली ग्रंथालये अ, ब, क, ड या वर्गांत मोडतात आणि अनुदान वर्गानुसार मिळते. हे अनुदान वर्षानुवर्षे अपुरे होते. २०२२ साली राज्य शासनाने त्यात ६० टक्के वाढ मंजूर केली, तरी पगार आणि वीजबिल भागवून खरेदीला फार काही उरत नाही, हे मी कार्यवाहांकडून ऐकले आहे आणि त्यावर अविश्वास दाखवण्याचे कारण नाही. पण एकाच संग्रहाच्या पाच प्रती घेणे म्हणजे जाडजूड अनुवादित कादंबरीच्या दोन प्रतींइतकाच खर्च. कवितासंग्रह सहसा सडपातळ असतात, आणि इथे तरी ती गोष्ट त्यांच्या बाजूने पडावी.

तूर्तास तोडगा म्हणून निवडलेल्या चार-पाच कवितांच्या झेरॉक्स वाटल्या जातात. मर्ढेकर १९५६ साली वारले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी प्रताधिकार संपतो, त्यामुळे त्यांच्या कवितांची प्रत काढायला आता कोणाची हरकत नाही. बहिणाबाईंच्या गाण्यांचेही तेच. पण हयात किंवा अलीकडे दिवंगत झालेल्या कवींच्या संग्रहांना हा तोडगा लावणे मला खटकते. ज्या वाचनालयाने कवीचे पुस्तक विकत घ्यायचे तेच त्याच्या झेरॉक्स वाटत असेल, तर कवितेला वाचक मिळाले तरी कवीला काय मिळाले? शिवाय चार सुट्या कागदांवरून संग्रह कळत नाही. कविता कोणत्या क्रमाने लावल्या आहेत, कोणती पहिली आणि कोणती शेवटची, यावर आमच्याकडे एकदाही बोलणे झालेले नाही, आणि उपक्रमाचे नाव तर ‘संग्रहचर्चा’ आहे. सिएटलच्या सार्वजनिक ग्रंथालयात नॅन्सी पर्ल या ग्रंथपालांच्या पुढाकाराने १९९८ साली ‘सगळ्या शहराने एकच पुस्तक वाचावे’ असा उपक्रम सुरू झाला आणि पुढे अनेक शहरांनी तो उचलला. त्यांच्याइतका पैसा आपल्याकडे नाही, हे मान्य. पण सगळ्यांनी एकच पुस्तक वाचायचे तर ते सगळ्यांच्या हातात पडले पाहिजे, एवढे कळायला पैसा लागत नाही. शेजारच्या तालुक्यांतील चार वाचनालयांनी आपापली एकेक प्रत महिनाभर फिरती ठेवली तरी आमचे निम्मे काम होईल. मी हे लेखी सुचवले आहे. अर्जावर आवक क्रमांक पडला आहे.

बाकीच्या तक्रारी लहान आहेत. सभागृह पहिल्या मजल्यावर असून जिन्याला एकाच बाजूने कठडा आहे, त्यामुळे गुडघ्यांनी दगा दिलेले दोन नियमित सदस्य आता येत नाहीत. तळमजल्यावरील वृत्तपत्र विभाग सायंकाळी रिकामा असताना बैठक तिथे का होत नाही, हे मला समजलेले नाही. एकदा सभागृह बक्षीस समारंभासाठी दिले गेले आणि बैठक रद्द झाल्याचे दारावर आल्यावरच कळले. पाहुणे आले की शाल, श्रीफळ, छायाचित्र यांत २० मिनिटे जातात. चहा मात्र वेळेवर आणि चांगला मिळतो, आल्याचा.

वर्गणी भरणाऱ्या सदस्यांना आणि बाहेरच्यांनाही प्रवेश विनामूल्य आहे. स्वतःच्या कविता वाचून दाखवण्याच्या इच्छेने जाणाऱ्यांची निराशा होईल. बाई त्याला परवानगी देत नाहीत, आणि माझ्या मते ते योग्यच आहे, कारण त्यासाठी गावात दोन मंडळे आधीच आहेत. परीक्षेपुरती कविता वाचून सोडून दिलेल्या माणसाने अवश्य जावे. न बोलता बसले तरी कोणी टोकत नाही. भुसारवाले गृहस्थ पहिल्या चार बैठकांत एक शब्दही बोलले नव्हते. जाण्यापूर्वी निवडलेल्या कविता घरी एकदा मोठ्याने वाचून जावे, एवढीच शिफारस.

पुढच्या बैठकीसाठी इंदिरा संतांचा ‘गर्भरेशीम’ ठरला आहे, ज्याला १९८४ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. प्रत एक आहे. काल देवघेवीच्या टेबलावर मागणीची चिठ्ठी भरली, तेव्हा त्या पुस्तकासाठी माझा क्रमांक सहावा लागला. प्रत्येकाला सात दिवस आणि बैठकीला उरलेले दिवस २३, असा हिशेब ग्रंथपालांना दाखवला. त्यांनी तो पाहिला, चिठ्ठीवर सातचे तीन केले आणि खाली सही केली.